कांगाची मोजणी

डॉक्टर नोमेल आमच्या कारखान्यात रुजू झाला, तेव्हा त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर नाकाला रुमाल लावला. आता रबराच्या कारखान्याला वास येणारच. झाडाचा चीक वाटीत गोठतो, पोत्यात कुजतो आणि मग ट्रकने आमच्या दारात येऊन पडतो, त्याला काय अत्तराचा वास येणार आहे? पण हा रबरावर डॉक्टर झालेला माणूस. ल्योंच्या विद्यापीठात त्याला रबर बहुतेक काचेच्या बरणीतून दाखवत असावेत.

मी आमेनान, इथल्या प्रयोगशाळेची प्रमुख. मला नावाने हाक मारतो तो एकटा कांगा. बाकी सगळ्यांची मी तांती, म्हणजे मावशी. डॉक्टरचीसुद्धा, कारण आमच्याकडे पन्नाशी उलटलेल्या बाईला तांती आणि बाप्याला तोंतों म्हटलं नाही तर लोक तुमच्या आईला नावं ठेवतात. डॉक्टरच्या आईने त्याला एवढं एक नीट शिकवलं होतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. रबराच्या प्रत्येक लॉटमधून एक तुकडा कापायचा. दोन लोखंडी रुळांच्या फटीतून तो दहा वेळा काढायचा, म्हणजे एकजीव होतो आणि त्याचा ताठा उतरतो. मग त्याच्या दोन चकत्या कापायच्या, मध्ये खाचा पाडलेली पोलादी तबकडी ठेवायची आणि सगळं यंत्राच्या गरम पोटात बंद करायचं. शंभर अंश. एक मिनिट नुसतं तापू द्यायचं, पुढे चार मिनिटं तबकडी संथ फिरते. रबर एकीकडे भिंतीला धरून, दुसरीकडे तबकडीला. मधले थर एकमेकांवर घासत सरकतात, आणि ते जितके अडतात तितका आकडा येतो. मऊ असेल तर कमी, ताठ असेल तर जास्त. डॉक्टर याला तोंडाचा चंबू करून कायकाय म्हणतो. मी म्हणते, रबराला विचारायचं, बाबा तू किती हट्टी? ते खरं सांगतं. माणसांसाठी असं यंत्र निघालं असतं तर डॉक्टरला मी पहिल्याच दिवशी आत बसवला असता.

रुळांवर कांगा. तीस वर्षं कांगाच. बुआकेकडचा, बाउले जमातीचा माणूस, पंजे फावड्याएवढे, आणि दहाही बोटं जागच्या जागी. रुळांवर तीस वर्षं काढून ज्याची दहा बोटं शाबूत आहेत, त्याला मी ल्योंहून आलेल्या कुठल्याही कागदापेक्षा जास्त मानते. तिथला खडखडाट इतका, की फेऱ्या मोजणारा हमखास चुकतो. चारनंतर पाच झाली की सहा, कोण सांगणार? म्हणून कांगा आकडे मोजायचाच नाही. त्याला दहा मुलं. पहिल्या फेरीला तो म्हणायचा आज्वा, दुसरीला क्वाज्यो, असं करत करत शेंडेफळापर्यंत. आकडा विसरता येतो, पोर कसं विसरेल बाप, असं त्याचं म्हणणं. मी नवी होते तेव्हा त्याच्याच हाताखाली रुळांवर लागले आणि त्याच्याच पोरांवर मोजायला शिकले.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या वर्षी आमचं रबर घेणाऱ्या टायरवाल्यांनी नवं खूळ काढलं. एकाच ठोकळ्याचे तुकडे बारा प्रयोगशाळांना पाठवायचे, बाराही जणांनी तपासून आकडे कळवायचे आणि कोण कुठे आहे ते ताडून बघायचं. दीड अंकाचा फरक चालेल, पुढे नाही. पहिल्या खेपेला सगळ्यांचा साठ आला, आमचा एकसष्ट पूर्णांक आठ. दुसऱ्या खेपेला सगळ्यांचा साठ, आमचा एकसष्ट पूर्णांक नऊ. तिसऱ्या खेपेला त्यांची तपासनीस स्वतः येऊन शेजारी उभी राहणार होती.

डॉक्टरने मला खोलीत बोलावलं. ही कारखान्यातली एकमेव खोली, जिथे वास येत नाही.

"तांती, चूक विखुरलेली नाहीये," तो म्हणाला. "दोन्ही वेळा एकाच बाजूला, आणि जवळजवळ तेवढीच. म्हणजे यंत्राचा दोष नाही. ही कुणाची तरी सवय आहे."

"कुणाची?"

"तोंतों कांगा काम करताना गाणी म्हणतात, असं मी ऐकलंय."

"गाणी नाही म्हणत. मोजतो तो."

"मोजायला आकडे असतात, तांती."

"तुम्ही कधी पाहिलंत त्याला काम करताना?"

"मला आलेख दिसतो ना."

घ्या. आलेख दिसतो. पंचवीस पावलांवर माणूस उभा आहे, तो दिसत नाही. रुळांपाशी गेलं की शर्टाला डाग पडतो, हे खरं कारण. मग त्याने फायलीतून एक कागद काढला. गुरुवारी तपासनिसासमोर आकडा चुकला तर कांगाला रुळांवरून काढायचं, आणि दुसरीकडे जागा नाही म्हणून घरी बसवायचं. कांगाच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. सात महिने आधी घरी बसला की पूर्ण पेन्शन गेली आणि निरोपाचा समारंभही गेला. आमच्याकडे निरोपाला नवं कापड अंगावर घालून माणसाला दारापर्यंत नाचत नेतात. कांगाऐवजी फाटकातून नुसता एक कागद बाहेर गेला असता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. त्याला वाटलं मी कांगाला म्हणतेय. मान डोलावली शहाण्याने.

मग मी कामाला लागले. यंत्राचं तापमान तपासलं, शंभर म्हणजे शंभर. तबकडीच्या खाचा झिजल्या असतील म्हणून नवी बसवली. मिनिटाचं घड्याळ तीन घड्याळांशी ताडलं. रुळांच्या फटीत शिशाची पट्टी घालून फट मोजली. सगळं चोख. मी जेवढी तपासत गेले तेवढी मला डॉक्टरची कीव येत गेली, की या बापड्याला दोष सापडत नाही म्हणून हा म्हाताऱ्याच्या तोंडातली नावं मोजतोय. डॉक्टरने मधल्या काळात काय केलं? प्लॅस्टिक चढवलेला एक फलक रुळांच्या वर टांगला. 'फेऱ्या : १०'. खाली कांगाची सही घेतली. कांगाने मुकाट्याने केली.

बुधवारी दुपारी डॉक्टरने प्रयोगशाळा धुवायला काढली, पाहुणी येणार म्हणून. बादल्या, फडके, साबणाचं पाणी. माझा अच्चेके-मासळीचा डबा घेऊन मी बाहेर पडले आणि बसायला जागा नाही म्हणून रुळांपाशी उलट्या पिंपावर बसले. अकरा वर्षांनी बसले असेन. प्रमुख झाल्यापासून माझी जागा प्रयोगशाळेच्या काचेच्या आत, पंख्याखाली. काचेतून कांगाचे ओठ हलताना रोज दिसायचे, ऐकू यायचं नाही.

कांगाने उद्याच्या सरावाला एक तुकडा घेतला आणि रूळ सुरू केले. मी जेवत होते. तो म्हणाला, "आज्वा." माझ्या तोंडात घास होता, तरी माझे ओठ आपोआप हलले. क्वाज्यो. आम्लान. याओ. लहानपणी पाठ केलेली प्रार्थना जशी तोंडात राहते, तशी ही पोरं माझ्या तोंडात राहिली होती. आकिसी. कोनान. आफ्वे. न्द्री. न्गोरान. कांगाने तुकड्याची गुंडाळी केली आणि रूळ बंद केले.

माझे ओठ मात्र थांबले नाहीत. ते पुढे म्हणाले, ब्रू.

 मी पाणी प्यायले, आणि डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

ब्रू कांगाचा धाकटा. चौदा वर्षांचा असताना शाळेच्या सहलीत बासमला गेला आणि समुद्राने ओढून नेला. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मिळाला. त्याला अकरा वर्षं झाली. मातीला मी गेले होते, सगळ्या बायकांनी एकाच रंगाचं कापड नेसलं होतं, मीही नेसले होते. त्याच वर्षी मी प्रमुख झाले. आणि काचेआड गेले.

आता माझं मला ऐकवते. चोवीस वर्षांचा अनुभव असलेली बाई. शिशाची पट्टी घालून रुळांची फट मोजणारी. तीन घड्याळं ताडणारी. आणि शेजारी रोज दहाऐवजी नऊ फेऱ्या होताहेत, हे तिने अकरा वर्षांत कधी ऐकलं नाही. एक फेरी कमी, म्हणजे रबराचा ताठा उतरायचा राहिला, म्हणजे आकडा वर. दर वेळी वर, दर वेळी जवळजवळ तेवढाच. डॉक्टर म्हणाला होता तसा. त्या रुमालवाल्याचं बरोबर निघालं. इतकी चीड मला आयुष्यात कुणाची आली नाही, आणि निम्मी माझी मलाच होती. काठावरचे किती लॉट मी 'ताठ' म्हणून खालच्या दर्जात टाकले असतील? दोन-दोन हेक्टरवाले शेतकरी दारात येऊन विचारायचे, तांती, आमच्या रबरात काय खोट आहे? मी ठसक्यात सांगायचे, झाडं म्हातारी झाली तुमची. झाडं.

मी डबा खाली ठेवला.

"कांगा, किती फेऱ्या घातल्यास?"

"जेवढी पोरं तेवढ्या."

"पोरं किती?"

तो हात पुसत होता, ते पुसणं थांबलं. "काय विचारतेस, आमेनान?"

"वर फलकावर दहा लिहिलंय. तू सही केलीयेस."

"फलक डॉक्टरचा. पोरं माझी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "माझी सगळी पोरं होतात. एकही गाळत नाही."

 माझ्या जिभेला सगळा कारखाना टरकून असतो. ट्रकवाले माझ्याशी हुज्जत घालत नाहीत, साहेब मला पत्र लिहितात, समोर येत नाहीत. आणि मला एका अक्षराचं ते नाव तोंडातून काढता येईना. मी म्हटलं, "उद्या नीट कर हं." असलं पुळचट वाक्य मी जन्मात कधी बोलले नव्हते.

डॉक्टरला सांगणं शक्य नव्हतं. त्याने लगेच लिहून काढलं असतं, की कामगाराची अकरा वर्षांची चूक उघड, आणि गुरुवारची वाटही पाहिली नसती. दहावी फेरी मीच घालावी, तर नियम असा, की तुकडा एकाच माणसाच्या हातून तयार झाला पाहिजे. संध्याकाळी मी कांगाच्या घरावरूनच घरी गेले. त्याची बायको अंगणात केळी सोलत होती. तिने हात हलवला, मी हात हलवला, आणि पुढे निघून गेले.

गुरुवारी तपासनीस आली. हडकुळी गोरी बाई, पायात जाड बूट. तिच्याबद्दल वाईट बोलायची माझी पूर्ण तयारी होती, पण तिने नाकाला काही लावलं नाही. बाह्या दुमडल्या आणि सरळ रुळांपाशी जाऊन उभी राहिली. रुळांवर तापमापक टेकवला, फट मोजली आणि वहीत लिहून घेतलं. डॉक्टर काचेच्या आत उभा होता, हातात पाटीएवढा स्क्रीन, त्यावर आलेखाची रिकामी चौकट. आलेख यायची वाट बघत होता बिचारा.

मी काचेच्या बाहेर राहिले. डॉक्टरने आतून खूण केली, या, आत या. मी बघितलं नाही.

कांगाने तिच्या हातून तुकडा घेतला, रूळ सुरू केले. आज्वा, तो म्हणाला. रबर फटीतून खाली आलं, त्याने घडी घालून पुन्हा वर दिलं. क्वाज्यो. आम्लान. त्याचा चेहरा रोजच्यासारखाच.  याओ, आकिसी, कोनान. तपासनीस घड्याळ बघत होती. मी मनाशी म्हटलं, आज चुकून पुढे म्हणेल. आफ्वे. न्द्री. तीस वर्षांची सवय, एखाद्या दिवशी जुनी सवय वर येते. न्गोरान.

नववी फेरी खाली आली. कांगाने रबर हातात घेतलं आणि दुसरा हात बटणाकडे नेला.

"ब्रू," मी म्हटलं.

ओरडले नाही. त्या खडखडाटात तपासनिसालाही ऐकू गेलं नसेल, ती माझ्यापासून दोन हातांवर होती. कांगाला ऐकू गेलं. त्याचा हात बटणाजवळ तसाच राहिला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. रुळांकडे बघत होता, की पलीकडे, कोण जाणे. रबराचा पत्रा त्याच्या हातातून लोंबत होता. तपासनिसाने मान वर केली. आत डॉक्टरने काचेला नाक लावलं. मी मनात म्हटलं, आता हा रबर माझ्या तोंडावर फेकेल आणि बरोबर करेल.

कांगाने हात मागे घेतला. पत्र्याची गुंडाळी केली, फटीच्या तोंडाशी धरली आणि सोडली. त्याचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला या जन्मी कुणी विचारू नये.

आकडा साठ पूर्णांक सहा आला.

तपासनिसाने वहीत लिहिलं, कांगाशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला, आणि मगच काचेच्या आत गेली. तिथे डॉक्टरने तिला सांगितलं, की त्याने मोजणीच्या पद्धतीवर खास प्रशिक्षणाचा कार्यक्रम राबवला. फलक दाखवला. अहवालात आता ते तसंच आहे, डॉक्टरच्या सहीने: कामगारास फेऱ्या मोजण्याचं प्रशिक्षण दिलं, दोष दूर झाला. मी वाचलं आणि खाली माझीही सही केली. असल्या माणसाशी भांडायला मला कांगाचं घर उघडून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी त्याची लायकी नाही.

कांगा मागच्या नळावर हात धूत होता. पंधरा मिनिटं तरी धूत असावा. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"याको, कांगा," मी म्हटलं. मातीच्या दिवशी म्हणतात ते. त्या दिवशीही म्हटलं होतं, पण तेव्हा रांगेत उभं राहून म्हटलं होतं.

त्याने पंजे आणखी एकदा चोळले. मग नळ बंद केला.

"त्याच्या आईने घरात ते नाव बंद केलंय," तो म्हणाला. "कुणी घेतलं की ती पडते. एकदा शेजारणीने घेतलं, चार दिवस उठली नाही. म्हणून मी इथेही नाही घेतलं. इथे घेतलं तर तोंडात राहणार, आणि घरी गेल्यावर कधीतरी सुटणार." त्याने हात पँटला पुसले. "आता राहिलंय तोंडात. संध्याकाळी घरी जाऊ की नको, सांग."

 मी त्याची पेन्शन वाचवली होती, आणि त्याच्या घरात शिरून झाकलेली जखम उघडली होती. दोन्ही एकाच शब्दाने. मी म्हटलं, "माझ्याकडे ये जेवायला, उशिरा जा." तो आला. केळी कुटून केलेलं फुटू खाल्लं, माझ्या नवऱ्याशी फुटबॉलवर बोलला, आणि निघताना दारात एकदा थांबून, ओठ घट्ट मिटून, मग गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी खुर्ची काचेच्या बाहेर आणली. पंखा नाही, वास आहे, कपड्यांना डाग पडतात. जुने काठावरचे लॉट मी एकेक काढून पुन्हा तपासायला घेतलेत. शेतकऱ्यांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. पण झाडं म्हातारी झाली, असं आता मी कुणाला म्हणत नाही.

कांगा नऊ नावं घेतो, आज्वापासून न्गोरानपर्यंत, पूर्वीसारखीच मोठ्याने. मग दहावी फेरी घालतो. त्या फेरीला तो काही बोलत नाही. रूळ फिरत असतात, रबर खाली येतं, आणि तेवढा वेळ मीही कुणाशी बोलत नाही.

परवा डॉक्टर रुळांपाशी आला. पहिल्यांदाच. रुमाल हातात होता, नाकाला नव्हता, एवढं त्याच्या पदरात घालते. कांगाच्या मागे उभा राहून त्याने सगळ्या फेऱ्या पाहिल्या आणि मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजला.

"तांती, शेवटच्या फेरीला तोंतों गप्प का होतात?"

"तुम्हीच म्हणालात ना, मोजायला आकडे असतात," मी म्हटलं. "मोजतोय तो."